दाखवणाऱ्याचा हात

माझ्या शाळेतल्या टेबलाच्या खणात एक लेसरची कांडी पडून आहे. शिक्षकाचा खण म्हणजे जप्तीच्या मालाचे एक लहानसे कोठारच असते. माझ्या खणात दोन भोवरे आहेत, एक गलोल आहे, चिंचोके आहेत, कोणाच्या तरी आजीच्या चष्म्याचे एक भिंग आहे. ही सगळी मंडळी निरुपद्रवी. त्या बोटभर कांडीकडे मात्र अलीकडे मला सरळ नजरेने पाहवत नाही. त्याचे कारण आज सांगून टाकतो. दिवाळीला घर झाडताना माळ्यावरची अडगळ आपण खाली काढतोच. मनाच्या माळ्याला सवलत का द्यावी?

ही कांडी गेल्या जानेवारीत माझ्या ताब्यात आली. सातवीच्या वर्गात भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला होता आणि मी छडीने गोदावरी दाखवत होतो. नाशिकापासून निघालेली छडी पैठणला पोचते न पोचते तोच वर्गात खसखस पिकली. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, अगदी काळजाच्या जागी, एक लाल ठिपका नाचत होता. मी वळलो, ठिपका विझला. थोड्या वेळाने एका बाकाखाली ही कांडी सापडली. "ही कोणाची?" मी विचारले. वर्ग चिडीचूप. मग मी अर्धा तास नीतीचा पाठ दिला. "चूक करणारा वाईट नसतो; चूक करून गप्प बसणारा वाईट असतो," हे वाक्य मला इतके आवडले की दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार म्हणून मी ते लिहिलेही. मी शिकलेला मॅट्रिकपर्यंत, पण सुविचारांच्या बाबतीत मला कधी पदवीची उणीव भासलेली नाही. शिवाय मी कादंबऱ्या लिहितो. शेवटच्या प्रकरणात खलपुरुषाला भर चौकात कबुलीजबाब द्यायला लावणे, हे तर माझ्या लेखणीचे आवडते काम!

आता दुसरी कांडी.

मी उस्मानपुऱ्यात राहतो. क्रांती चौकातून स्टेशनकडे निघालात की आमची वस्ती लागते. या शहराला लोक बावन्न पुऱ्यांचे शहर म्हणत आले. २०२३ साली त्याचे नाव औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण पुऱ्यांची नावे लोकांच्या तोंडी आहेत तशीच राहिली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब आहे. त्याचे वय कोणी चाळीस सांगतो, कोणी साठ. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष म्हणू लागले. तेव्हापासून आमच्या गल्लीत या वयाचा वाद पुन्हा रंगला आहे. या निंबाच्या दोन फांद्या विजेच्या तारांवर झुकल्या होत्या. पावसाळ्यापूर्वी त्या काढायला हव्या होत्या. गल्लीने अर्ज केला, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडून दोन फांद्यांची परवानगी आली, आणि मास्तर म्हणून तो कागद सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले.

मे महिन्यातल्या एका सकाळी, उन्हे चढायच्या आत, चाचा आणि त्यांचा भाचा आले. चाचांनी उभी हयात झाडांवर काढलेली. एकदा पडले, कंबर गेली, आणि तेव्हापासून ते जमिनीवरून काम पाहतात. भाचा वर चढतो. त्याच्या कमरेला दोर, पाठीला छोटी करवत, आणि पेट्रोलवर चालणारे ते यंत्र, ज्याला सगळे नुसते 'कटर' म्हणतात. चाचांच्या हातात काय होते? हिरव्या प्रकाशाची एक लेसर कांडी.

मला हसू आले. व्याख्यात्याच्या आणि टवाळ पोरांच्या हातातली ही वस्तू झाडाखाली कशाला? पण पाच मिनिटांत माझे हसू मावळले. झाडावरच्या माणसाला खालून फांदी सांगणे ही किती कठीण गोष्ट आहे, ते एकदा करून पाहा. "उजवीकडची!" म्हणावे, तर कोणाची उजवी? तुमचे तोंड पूर्वेला, त्याचे पश्चिमेला. "ती जाड!" म्हणावे, तर खालून जाड दिसणारी फांदी वरून बारीक असते. बोट दाखवावे, तर पानांच्या गर्दीत बोट कुठे पोचणार? त्यात कटरचा आवाज आणि रस्त्यावरच्या रिक्षांचे भोंगे. आणि नुसती फांदी सांगून भागत नाही. कुठे कापायची तेही सांगावे लागते. खोडातून फांदी जिथे फुटते तिथे एक फुगीर कडे असते. ते कडे राखून कापले तर झाड त्या जखमेवर साल चढवून घेते. कड्यासकट कापले तर कूज थेट खोडात शिरते. अमेरिकेतल्या ॲलेक्स शायगो नावाच्या वनशास्त्रज्ञाने करवतीने हजारो झाडे उभी चिरून ही गोष्ट पाहिली आणि जगाला पटवून दिली. त्याचे म्हणणे असे की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड तिला आतून भिंत घालून कोंडते आणि बाहेरून झाकते. तिथे नवे मांस येत नाही. जुना घाव आत तसाच राहतो.

चाचांनी शायगोचे नाव ऐकले नसेल, पण कडे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या कांडीचा ठिपका बरोबर त्या कड्याच्या पुढे जाऊन बसायचा. बसायचा म्हणजे काय, थरथरायचा. म्हाताऱ्याचा हात कापे. बारा मीटर उंचीवर हात एक अंशाने हलला तर ठिपका जवळजवळ वीतभर सरकतो. म्हणून चाचा ठिपका रोखून धरतच नसत. ते फांदीभोवती प्रकाशाचे कडे काढत. शिवाय ठिपका ते एकदम वर फेकत नसत. बुंध्यापासून, भाच्याच्या विरुद्ध बाजूने, सावकाश चढवत नेत. "आंख में गया तो आंख गई," ते मला म्हणाले. हे खरेच आहे. लेसरचा किरण पसरत नाही, म्हणूनच डोळ्यात शिरला की सगळाच्या सगळा एका बिंदूवर एकवटतो. एक सहस्रांश वॅटपर्यंतच्या कांडीपासून पापणीची उघडझाप आपल्याला वाचवू शकते. त्याहून जोरदार कांडीच्या बाबतीत पापणीवर विसंबून चालत नाही, आणि बाजारातल्या कांड्या त्यावर लिहिल्यापेक्षा जोरदार निघतात.

आपल्या शास्त्रकारांना चाचांची ही पद्धत पाहून आनंद झाला असता. लग्नात वधूला अरुंधती दाखवतात ती अशीच: आधी जवळचा ठळक वसिष्ठ, मग त्याच्याशेजारची बारीक अरुंधती. अरुंधतीदर्शनन्याय तो हाच. त्याचा भाऊ शाखाचंद्रन्याय. "ती फांदी पाहा, तिच्या टोकाशी चंद्र आहे," असे म्हणून फांदीच्या आधाराने चंद्र दाखवायचा. आता काळ उलटला आहे. १९६० साली थिओडोर मेमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला आणि तिथे आरसे ठेवून आला. आपल्या पृथ्वीवरून सोडलेला किरण त्या आरशांना लागून सुमारे अडीच सेकंदांत परत येतो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपला विक्रम चंद्रावर उतरला, त्याच्यावरही असा एक छोटा आरसा आहे. त्याच डिसेंबरात चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने सोडलेला किरण त्याला लागून परतला. पूर्वी फांदीने चंद्र दाखवत. आता जो किरण चंद्राला शिवून येतो, त्याच जातीच्या किरणाने आम्ही फांदी दाखवतो.

पण त्या वैज्ञानिकांची आणि चाचांची एक गोष्ट सारखी होती, आणि ती माझ्या लक्षात आली नाही. दोघेही किरण सोडल्यावर उत्तराची वाट पाहत. चाचांनी फांदीभोवती कडे काढले की भाचा करवतीच्या मुठीने दोनदा ठोके. म्हणजे, "हीच ना?" मग चाचा प्रकाश एकदा विझवून पुन्हा लावत. म्हणजे, "होय, हीच." आडवा हलवला तर "नको." हा सगळा संवाद मी पाहत होतो, पण मला वाटले, कडे हे कापऱ्या हाताचे, आणि विझणे हे दमलेल्या सेलचे!

दोन्ही फांद्या झाल्या. चाचांना गल्लीच्या टोकाशी एक टेम्पो आत शिरताना दिसला. "जरा पकडना मास्टरसाब," म्हणून त्यांनी कांडी माझ्या हातात दिली आणि ते लंगडत टेम्पो थांबवायला गेले.

वाचकहो, हातात कांडी आली की तिने काहीतरी दाखवावेसे वाटतेच. वीस वर्षे छडी धरलेल्या हाताला तर फारच. निंबाला तिसरी एक फांदी होती. तिच्यावर साळुंक्या बसत आणि खाली उभ्या केलेल्या माझ्या स्कूटरवर रोज पांढरी नक्षी काढत. मी ठिपका त्या फांदीवर नेला. त्या फांदीच्याच सावलीत आमच्या इस्त्रीवाल्याचा गाडा असे. त्याचा विचार मनात आला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. आला होता. 'गाडा काय, सरकवता येतो,' असे मनाने चटकन उत्तर दिले. स्कूटरही सरकवता येते, हे उत्तर मात्र मनाने दिले नाही.

वरून दोन ठोके आले. ठिपका भाच्याला नीट दिसत नसावा असे समजून मी बटण सोडले आणि पुन्हा घट्ट दाबले.

म्हणजे मी "होय, हीच" म्हणालो होतो.

भाच्याने त्या फांदीच्या बेचक्यात अडकवलेला आपला दुसरा दोर आधी सोडवला, बुंध्याला बांधला, आणि कटर सुरू केला. आधी खालून अर्धा काप, मग थोडे पुढे वरून, आणि मग कड्यापाशी उरलेला खुंट. काम अगदी शास्त्रशुद्ध होते. चूक एकच होती; ती वर नव्हती, खाली होती.

चाचा परत आले तेव्हा हिरवीगार फांदी जमिनीवर पडली होती. भाचा उतरला. चाचा त्याच्यावर कडाडले. तो म्हणाला, "मामू, लाइट था वहां." "लाइट था! किसका लाइट था, वो देखा?" भाच्याने मान खाली घातली. चाचांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी स्कूटरकडे पाहत होतो. माझ्या खिशात दोन फांद्यांच्या परवानगीचा कागद होता. चाचांनी माझ्या हातातून कांडी घेतली, खिशात ठेवली, आणि दोघे फांद्या गोळा करू लागले.

त्या रात्री मी मनाशी जे खटले चालवले त्यांत आरोपीचा वकील फार हुशार होता. तो म्हणाला, तू कापलीस का? नाही, फक्त दाखवलीस. दाखवणे म्हणजे करणे नव्हे. करवत ज्याच्या हातात, जबाबदारी त्याची. त्याने विचार करायला नको होता का? ऐकायला हे बरे वाटले. जगातली किती माणसे याच वकिलावर निभावून नेतात! नकाशावर रेघ ओढणारा म्हणतो, मी गाव उठवले नाही. कागदावर सही करणारा म्हणतो, मी कोणाला बेघर केले नाही. आणि ज्याच्या हातात कुदळ असते तो म्हणतो, मला वरून दाखवले तसे मी केले. एकाचे हात स्वच्छ, दुसऱ्याचे मन स्वच्छ. मग घर पाडले कोणी?

मला द्रोणाचार्यांची परीक्षा आठवली. झाडावर खोटा पक्षी ठेवलेला. युधिष्ठिराला विचारले, काय दिसते? तो म्हणाला, झाड दिसते, भाऊ दिसतात, तुम्ही दिसता, पक्षी दिसतो. गुरुजींनी त्याला बाजूला केले. अर्जुनाला फक्त पक्षी दिसत होता. तो उत्तीर्ण झाला. आम्ही शिक्षक ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो आणि प्रत्येक वेळी पारितोषिक अर्जुनाला दिले. पण झाडावर करवत घेऊन चढणाऱ्याला अर्जुनाची नजर देऊन चालेल का? भाच्याला त्या सकाळी ठिपकाही दिसत होता आणि स्वतःचा दोरही दिसत होता. त्याने दोर आधी सोडवला नसता तर फांदीने तो दोर, आणि कदाचित त्यालाही, आपल्याबरोबर खाली ओढले असते. एवढ्यापुरता युधिष्ठिर त्याच्यात जागा होता म्हणून मी आज एका फांदीचीच गोष्ट सांगतो आहे. आणि मी? मला तर फक्त पक्ष्याची शीट दिसत होती. लेसरची कांडी दाखवणाऱ्याला अर्जुन करते. ज्या गोष्टीवर ठिपका आहे तेवढीच उजेडात, बाकी सावली, गाडा, माणूस, सगळे अंधारात.

मे महिना सरेना. बेचाळीस अंशांचे ऊन. इस्त्रीवाल्याने बांबूला पोते बांधून पाहिले, ते वाऱ्याने उडाले. दुपारी तो डोक्यावर ओला पंचा टाकून इस्त्री फिरवी. वरून सूर्य, खालून कोळसा. एकदा कपडे द्यायला गेलो तर तोच मला समजावू लागला, "तारांचं काम होतं सर, फांदी काढावीच लागली." मी होय म्हटले. गप्प बसण्याचे पाप एवढ्यावर थांबत नाही, पुढे त्याला बोलावेही लागते, हे मला त्या दिवशी कळले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. फळ्याच्या कोपऱ्यात सुविचार लिहायची पाळी माझी होती. खडू हातात घेतला. मला काहीच सुचेना. त्याच संध्याकाळी मी विचारत विचारत जुन्या शहरात चाचांच्या घरी गेलो.

सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मालूम है."

"कसे?"

"मेरा टिपका नाचता है, मास्टरसाब. वो टिपका खड़ा था. मैं टेम्पो के पास से देखा, चिल्लाया भी. कटर चालू हो गया था."

प्रकाशाला आवाज नसतो, त्याला मालक नसतो, असे मी समजून चाललो होतो. माझ्या बचावाचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. पण ठिपक्याला हात असतो; आणि पाहणाऱ्याला तो ओळखू येतो. चाचा भाच्यावर रागावले होते ते त्याने चुकीची फांदी कापली म्हणून नव्हे. मामाचा हात ओळखला नाही म्हणून.

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?" मी विचारले.

"आप बोलेंगे बोलके रुका था."

एवढेच. अर्धा तास नीतीचा पाठ मी दिला होता. चाचांचा पाठ पाच शब्दांचा होता. भाचा आतून चहा घेऊन आला. मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचून म्हणाला, "जाने दो सर, मेरे कू भी दुबारा पूछना था." दोष वाटून घ्यायला तो तयार होता, तो देण्यात मात्र मी महिनाभर चिकटपणा केला होता.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाल्याला सांगितले. त्याने वर, फांदी होती तिथे पाहिले, मग माझ्या स्कूटरकडे पाहिले. "बरं," तो म्हणाला, आणि इस्त्रीतले कोळसे हलवू लागला. मी त्याला बाजारातली मोठी छत्री आणून दिली. ती त्याने घेतली, लावलीही. पण ती एका जागी उभी राहते; झाडाची सावली त्याच्या गाड्याबरोबर दिवसभर सरकत असे. पावसाळ्यात त्या जागी कोवळे धुमारे फुटले आहेत. लोक म्हणतात, चला, झाड विसरले. पण जाणकार सांगतात, कापाजवळून फुटलेल्या अशा धुमाऱ्यांचा सांधा कच्चा असतो. त्यांच्यावर लगेच भार टाकू नये. इस्त्रीवाल्याशी माझे बोलणे आता पूर्वीसारखे होते. मी त्या बोलण्यावर फार भार टाकत नाही.

मग बोट दाखवूच नये काय? तसे म्हणून चालणार नाही. खालच्या माणसाला जे दिसते ते वरच्याला दिसत नाही. शिक्षकाने दाखवू नये तर काय करावे? माझे म्हणणे एवढेच की दाखवणे हे अर्धे काम आहे. वरून ठोके आले की ऐकणे हे उरलेले अर्धे. अमेरिकेत झाडकामाच्या सुरक्षिततेच्या नियमांतही वरच्याने हाक द्यावी, खालच्याने ओ द्यावी आणि मगच फांदी सोडावी असे सांगितले आहे. आणि काम बिघडले तर ठिपका माझा होता असे म्हणायला उभे राहणे, हे त्या दोन्ही अर्ध्यांच्या पलीकडचे. त्याला नियम नाही.

सातवीच्या त्या वर्गाला, आता आठवीत गेलेल्या, मी ही सगळी गोष्ट सांगितली. शेवटी म्हणालो, "मला उभे राहायला एक महिना लागला. तुमच्यापैकी कोणाला वेळ लागत असेल तर ते मी समजू शकतो. खणाला कुलूप नाही." कांडी अजून तिथेच आहे. मी रोज पाहतो, आणि ती आहे याचे मला वाईट वाटत नाही. चाचाही थांबलेच होते.

काल रात्री आमच्या दारात पणत्या लावताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. धाकटी मुलगी पणती ओंजळीत धरून पायऱ्या उतरत होती. पुढचा अंगण उजळण्याआधी तिचा स्वतःचाच चेहरा उजळला होता. लेसरचा किरण चंद्रापर्यंत जाईल, पण धरणाऱ्याच्या तोंडावर त्याचा कवडसाही पडत नाही. म्हणून तो धरताना माणसाने दुसऱ्या हातात एक पणती धरावी.